मुंड्यावरची दुसरी आकृती

हजेरी घ्यायचं ऑफिसात ठरलं होतं, पण घेतली मी.

गुरुवार होता, मार्चचा शेवटचा आठवडा. आश्रमशाळेच्या जुन्या मागच्या खोलीत आमची बैठक भरली होती. आठ बाया, तीन पुरुष, सगळे पन्नाशीच्या पुढचे आणि सगळे याच शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांतले विद्यार्थी. कुणाला झोप लागत नव्हती. कुणाला कडी लावलेल्या खोलीत धडधडायचं. एका आजीचा हात नातवंडांवर उठायचा आणि मग ती दोन दिवस जेवायची नाही. त्यांनी एकमेकांशी बोलावं, मी ऐकावं, एवढंच या बैठकीचं काम. मी संस्थेची समुपदेशक होते. परतवाड्याला वाढलेली, एम.ए. झालेली, दूरदेशातल्या अशाच निवासी शाळांवरची जाडजूड पुस्तकं वाचलेली. घरातून उचलून नेलेली मुलं, बदललेली नावं, बंद केलेली भाषा. त्या पुस्तकांतली पानं खुणेसाठी दुमडून ठेवलेली असत.

नव्या तक्त्यात नावापुढे खूण करायची होती. मी पहिलं नाव वाचलं.

"झापू सोनाजी."

झापूमावशी उठून उभी राहिली. हाताची घडी घातली, मान खाली. "हजर, गुरुजी."

मला वाटलं, चेष्टा करतेय. ती चेष्टेखोर होतीच. पण पुढच्या नावाला बुधियाबाई उभी राहिली, तिच्यापुढे हिरालालकाका. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेऊन ते उठत होते आणि हाताची घडी घालत होते. पाचव्या नावाला मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. तक्त्यात अकरा नावं होती.

"मंगला भुरा."

ही माझी माय. ती नेहमीसारखी मागच्या खिडकीशी बसली होती, पाठ आमच्याकडे, तोंड शाळेमागच्या ओढ्याकडे. चार वर्षांत ती एकाही बैठकीला चुकली नव्हती आणि एकाही बैठकीत बोलली नव्हती.

"माय, हजेरी."

"गैरहजर लिही."

"अगं, समोर बसलीयस."

"मंगला गैरहजर आहे. लिही."

झापूमावशी उभ्यानंच म्हणाली, "लिही ना वं बाई. आमचे गुरुजी तं हजर मुलालेबी गैरहजर लिहीत. तू त्याईचीच गादी चालवू राहिली, फक्त साडी नेसून."

सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते. तासाभरात बैठक संपली. सगळे गेल्यावर मी खोली झाडली. खिडकीच्या कट्ट्यावर मोहफुलांची मूठभर रास होती. दर गुरुवारी तिथे काहीतरी असायचं. कधी बोरं, कधी भाजलेला मका, आता मोहफुलं. माय वेचता वेचता विसरते, असं मी समजायचे. मी ती केरात लोटली.

घराकडे जाताना माय पुढे, मी मागे. आमच्या गावची, मोहढाण्याची वाट चढाची आहे, पण तिला धाप लागायची नाही.

"सरू," ती म्हणाली, "तू बैठक मराठीत का घेतेस?"

"मग कशात घेऊ?"

"त्यांच्या भाषेत. कोरकूत."

मी थांबले. परतवाड्याच्या सरकारी दवाखान्यात मदतनीस म्हणून तिनं सव्वीस वर्षं काढली. बाबा लवकर गेले. घरात आम्ही दोघीच, आणि त्या घरात तिनं कोरकूचा एक शब्द कधी उच्चारला नाही. गावचे पाहुणे आले की ते कोरकूत बोलायचे, ती मराठीत उत्तर द्यायची. स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी मराठी. तिला आपल्या माणसांची लाज वाटते, असं मी वयाच्या बाराव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

"मला येते कुठे कोरकू?" मी म्हटलं. "तू शिकवलीस? कॉलेजात पोरी विचारायच्या, तुमची भाषा बोलून दाखव ना. मी काय दाखवणार होते? तुझी मराठी?"

ती वळली नाही. थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "तुला एक गोष्ट सांगायची आहे. पण तुला कळेल का?"

"एम.ए. झालेय मी माय."

"ते मला माहीत आहे. फी मीच भरली." मग तिनं डोक्यावरची टोपली सारखी केली. "उद्या सांगते. आज तू रागात आहेस."

संध्याकाळी तिनं भाकरी केल्या, मी भाजी केली. टोमॅटो महाग झालेत यावर आम्ही बोललो. ती लवकर झोपली.

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच. अठ्ठावन्न वर्षांची होती.

याला आता सात वर्षं झाली. त्या पहिल्या तीन दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. चौथ्या दिवशी शाळेचे मुख्याध्यापक खंडारे सर आले, ते मात्र लख्ख आठवतं. हार आणला होता. खुर्चीच्या काठावर बसले.

"मंगलाबाई म्हणजे आमच्या शाळेची शान," ते म्हणाले. "पहिल्या तुकडीतली मॅट्रिक पास झालेली पहिली मुलगी. येत्या रविवारी सुवर्णमहोत्सव आहे, तुम्हाला माहीतच आहे. सत्कारमूर्तींच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. आता मरणोत्तर करू. तुम्ही स्वीकारा. एक चांगला फोटो द्या फक्त."

"देते," मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं होतं. कुणीतरी तिला शान म्हणत होतं.

सर गेले. झापूमावशी कोपऱ्यात मसूर निवडत होती. ती हसायला लागली. दात नसलेलं तोंड उघडून, आवाज न करता.

"काय झालं मावशी?"

"कोणचा फोटो देशील? तोंडावर हात ठेवलेला दे. शोभून दिसीन."

"म्हणजे?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मोंगीनं तुले नाही सांगितलं ना. मले वाटलंच. टाइम नाही भेटला तिले."

मोंगी हे मायचं घरचं नाव. मंगला शाळेनं ठेवलेलं. एवढं मला माहीत होतं. झापूमावशीनं पुढचं सांगितलं, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, माझ्यासाठी, मध्येमध्ये शब्द शोधत.

मायची एक चुलत बहीण होती, सुकाय. दोघी एका वयाच्या. दोघींना एकाच दिवशी शाळेत घातलं. गुरुजींनी हजेरीपटात मोंगीची मंगला केली, सुकायची सुखदा केली. पहिल्याच पावसाळ्यात सुकायला ताप भरला. तिला मागच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी लावली. मोंगी रडायला लागली म्हणून तिलाही आत ठेवलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी दोन माणसं आली आणि सुकायला घोंगडीत गुंडाळून ओढ्याकडे घेऊन गेली. मोंगीनं ते खिडकीतून पाहिलं.

"कोणती खिडकी?" मी विचारलं. विचारतानाच उत्तर मला कळलं होतं.

आठवड्यानं सुकायचा बाप, सोमाकाका, पोरीला भेटायला आला. त्याला मराठी येत नव्हती. गुरुजींना कोरकू येत नव्हती. दुसऱ्या मुलांना नुसतं हजर-गैरहजर कळायचं. मोंगी हुशार, दोन महिन्यांत मराठी बोलायला लागलेली. तिला मधे उभं केलं. गुरुजी म्हणाले, याला सांग, तुझी पोरगी पळून गेली. छडी टेबलावर होती. आणि नऊ वर्षांच्या मोंगीनं आपल्या काकाला आपल्या भाषेत सांगितलं, सुकाय पळून गेली.

"त्यानं इचारलं, कोणत्या बाजूनं गेली?" झापूमावशी म्हणाली. "आता पोरगी काय सांगणार? तिनं हात केला बऱ्हाणपूरकडं. मरेपर्यंत तिकडंच हिंडला तो. हॉटेलात, बाजारात. कपबशा धुणारी पोरगी दिसली का उभा राहून पाहे."

"हे तुम्हाला कधी सांगितलं मायनं?"

"या होळीच्या नंतर. मोहं वेचू राहिलो होतो. एकदम कोरकूत बोलली. पन्नास वर्षांत तिच्या तोंडातून पहिल्या बार ऐकली मी. मी म्हटलं, आली का वं तुले अजून? तं म्हणे, त्या दिवशी मी जे बोलले त्याच्यानंतर ही भाषा मी तोंडात कशी घेऊ? आन मराठीत सांगू तं मराठीत मी ते खोटंच ऐकलं आहे. पोरीले सांगायचं हाय, पण कोणत्या भाषेत सांगू?"

मसुरातला एक खडा तिनं बोटानं उडवला. त्या वेळी मला मोहफुलं आठवत होती, केरात लोटलेली. आणि वाटेवर मी तिला जे बोलले ते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाटूमामाकडे गेलो. तो मुंडे कोरतो. आमच्यात मेलेल्या माणसासाठी सागाची फळी कोरून गावाबाहेरच्या झाडाखाली उभी करतात, तो मुंडा. त्यावर सूर्य असतो, चंद्र असतो आणि माणसाची आकृती. मायच्या मुंड्याचं सांगायचं होतं. बाटूमामानं फळी आधीच काढून ठेवली होती.

"मोंगी महिन्यामागंच सांगून गेली," तो म्हणाला. "म्हणे माझ्या मुंड्यावर दोन पोरी काढ. हात धरलेल्या. मी म्हटलं दुसरी कोण? म्हणे सुकाय."

"मग काढा," मी म्हटलं.

"नाही काढत."

"का?"

"जित्या माणसाची आकृती मुंड्यावर नाही घेत. सोमानं मरेपर्यंत पोरगी जिती धरली. त्याच्या घरच्यायनं अजून धरली हाय. तिचा भाऊ परवाच म्हणे, कुठंतरी आजी झाली असीन. मी फळीवर कोरली का मग मी तिले मारली."

"ती मेली मामा. मायनं पाहिलं."

"मले सांगून काय होते? मोंगीलेबी मी हेच म्हटलं. जिथं चार माणसात सांगितलं पळाली, तिथं चार माणसात सांग मेली. आन ज्या भाषेत सांगितलं त्या भाषेत सांग. मग कोरतो." त्यानं पटाशी अंगठ्यावर घासून पाहिली. "ती म्हणे, रविवारच्या कार्यक्रमात सांगते. सत्काराले बोलावलं हाय, तिथंच सांगते."

म्हणजे ती जाणार होती. शाल घ्यायला नाही.

घरी परतताना झापूमावशी दोनदा बसली. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "मला शिकवा."

"काय?"

"ते वाक्य. कोरकूत."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "पाच दिवसांत?"

"एकच वाक्य आहे मावशी."

"तीन होतात," ती म्हणाली आणि बोटांवर मोजायला लागली.

पाच दिवस आम्ही तेच केलं. पाणी आणताना, भाकरी थापताना. ती म्हणायची, मी म्हणायचे, ती कपाळावर हात मारायची. "बकरी चारा चावू राहिली असं वाटते. तोंड उघड ना." कधी म्हणायची, "हे तुह्या मायचंच तोंड हाय, चालीन. गंजलं हाय फक्त." मी वहीत देवनागरीत लिहून घेतलं, तर तिनं वही चुलीजवळ ठेवून दिली. "लिहून नको. लिहून त्याईनंच ठेवलं हाय सारं."

शुक्रवारी संस्थेच्या प्रधान मॅडमचा फोन आला. झापूमावशी सगळ्या गावाशी बोलली होती, बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, शाळेतल्या सरांपर्यंत अजून नाही.

"सरोज, तू दुःखात आहेस, मी समजू शकते. पण बैठकीची खोली शाळेची आहे. त्यांची परवानगी गेली तर त्या बायका कुठे बसतील? आणि पन्नास वर्षांपूर्वीचं. पुरावा काय?"

"माझी माय."

"ती आता नाही."

"मी आहे ना."

"हे बघ, आपलं काम त्यांना शांत करायचं आहे, भडकवायचं नाही. तूच प्रशिक्षण घेतलंयस."

घेतलं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर होतं. मी म्हटलं, "मॅडम, त्या शांतच आहेत. पन्नास वर्षं. आता थोडं अशांत होऊन बघू दे त्यांना."

"मग संस्थेचं नाव घेऊ नकोस."

"नाही घेत. माझंच घेते."

नोकरी त्याच महिन्यात गेली. खोलीही गेली. बैठक आता बाटूमामाच्या अंगणात भरते, फळ्यांच्या ढिगावर बसून, कोरकूत. हजेरी कुणी घेत नाही. पण हे सगळं नंतरचं.

रविवारी शाळेच्या मैदानात मांडव होता. व्यासपीठावर निवृत्त अधिकारी प्रमुख पाहुणे, शेजारी खंडारे सर. टेबलावर शालींची चळत, नारळ, आणि चौकटीत मायचा फोटो. दवाखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. ती त्यात कुणाकडेच बघत नव्हती. आमच्या बैठकीचे सगळे तिसऱ्या ओळीत बसले होते. बाटूमामा मागे बांबूला टेकून उभा होता. त्याच्या शेजारी सुकायचा भाऊ, पांढऱ्या मिशांचा. मी त्याला आदल्या दिवशी भेटून आले होते. त्यानं पाणी दिलं होतं, येतो म्हणाला नव्हता, आणि तरीही आला होता.

सूत्रसंचालक उत्साही तरुण शिक्षक होते. त्यांनी कपाटातून एक जुना, पिवळा पडलेला हजेरीपट आणला होता.

"आज एक गंमत करू या!" ते माइकवर म्हणाले. "पहिल्या तुकडीची पहिली हजेरी! नाव आलं की विद्यार्थ्यांनी जोरात हजर म्हणायचं!"

टाळ्या पडल्या. नावं सुरू झाली. कुणी हसत, कुणी लाजत उभं राहत होतं. झापूमावशीचं नाव आलं. ती बसूनच राहिली आणि तंबाखू मळत राहिली. शिक्षकांनी दोनदा पुकारलं, मग पुढे गेले.

"क्रमांक चौदा, मंगला भुरा. ज्यांच्या स्मृतीला आज आपण वंदन करणार आहोत. त्यांच्या कन्या सरोजताईंनी व्यासपीठावर यावं."

मी गेले. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला. माइक माझ्याकडे वळायच्या आधी शिक्षकांची नजर हजेरीपटातल्या पुढच्या नावावर गेली आणि ते हसले.

"क्रमांक पंधरा, सुखदा सोमा. अरेच्चा! इथे शेरा आहे. 'विद्यार्थिनी पळून गेली, नाव कमी.'" ते प्रेक्षकांकडे वळले. "बघा, तेव्हाही अशी मुलं होती!"

मांडवात हशा पिकला. प्रमुख पाहुणेही हसले. तिसरी ओळ हसली नाही. मागे पांढऱ्या मिशांचा माणूस जमिनीकडे बघत होता.

मी नारळ टेबलावर ठेवला, मायच्या फोटोशेजारी. शाल काढून घडी केली आणि तीही ठेवली. माइक हातात घेतला. पाच दिवस पाठ केलेलं पहिलं वाक्य मला आठवेना. मी झापूमावशीकडे बघितलं. तिनं फक्त तोंड उघडून दाखवलं, मोठं, दात नसलेलं. उघड ना तोंड.

मग मी बोलले. कोरकूत. तीन वाक्यं. आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, मायच्या भाषेत. उच्चार चुकले असतील. हसलं कुणी नाही. बुधियाबाईनं पदर तोंडात धरला. हिरालालकाका उठून उभे राहिले, या वेळी हाताची घडी न घालता. मागे सुकायचा भाऊ खाली बसला, एकदम, जणू कुणी त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवलं. बाटूमामानं माझ्याकडे बघून मान हलवली, एकदाच.

खंडारे सर घाईनं पुढे आले. चेहऱ्यावर हसू होतं. त्यांना एक शब्दही कळला नव्हता.

"छान, छान! मातृभाषेत मनोगत! पण ताई, पाहुण्यांना समजलं नाही. मराठीत सांगता का? आहे का कुणी भाषांतर करायला?"

"आहे ना," मी म्हटलं. "या शाळेत मागच्या वेळी भाषांतराला नऊ वर्षांची मुलगी उभी केली होती. मी तिची मुलगी. मी करते."

ते माइककडे हात करायला लागले. मी मागे सरकले, मायच्या फोटोपर्यंत.

"सुकाय पळाली नव्हती," मी म्हटलं. "ती इथे मेली, त्या मागच्या खोलीत, बाहेरून लावलेल्या कडीआड. माझ्या मायनं, मोंगीनं, ते खिडकीतून पाहिलं, आणि तुम्ही तिच्या तोंडून खोटं वदवलंत."